नाराम-सिनने देऊळ फोडलं नव्हतं

प्राचीन मेसोपोटेमियातल्या (आजच्या इराकमधल्या) अक्कड साम्राज्याचा राजा नाराम-सिन (इ.स.पू. सुमारे २२५४–२२१८) याने निप्पूर शहरातलं एनलिल देवाचं एकुर मंदिर फोडलं आणि त्या पापाने अक्कड बुडालं, असं आजही सांगितलं जातं. ही कथा येते ‘अक्कडचा शाप’ या सुमेरियन काव्यातून, आणि ते रचलं गेलं राजाच्या मृत्यूनंतर. निप्पूरच्या उत्खननात मात्र त्याच्या नावाचा ठसा असलेल्या विटा निघाल्या! त्याने देऊळ नव्याने बांधायला घेतलं होतं. पुढचं काम मुलगा शार-काली-शर्री याने केलं, आणि त्याने राज्यही सुमारे २५ वर्षं चालवलं; म्हणजे अक्कड लगेच बुडालं नाही. मला वाटतं, लोकांना खुपलं ते वेगळंच. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातली नाराम-सिनची विजयशिळा बघा: डोक्यावर देवांचा शिंगांचा शिरटोप, पायाखाली लुल्लुबी या डोंगरी लोकांचे योद्धे. जिवंतपणीच हा राजा देव म्हणवून घेत होता.