पोळ्याची झडती आणि मोबाईलचा कान

पोळ्याच्या दिवशी भाच्यानं तोरणाखाली उभं राहून आजोबांची झडती, म्हणजे पोळ्यात म्हणायचं गाणं, मोबाईलच्या कॅमेऱ्यानं टिपली. घरी येऊन लावली तर ऐकू आल्या घुंगरमाळा, डफडं आणि वाऱ्याचा फडफडाट. झडती कुठंतरी तळाशी. "मामा, म्या उभा होतो तिथं तं साफ ऐकू येत होतं!"

खोटं बोलत नव्हता पोरगा. दोन कानांना आवाज किंचित वेगवेगळ्या वेळी पोचतो, त्यावरून दिशा कळते, आणि मेंदू नको ते मागं ढकलून आजोबा तेवढे पुढं आणतो. मोबाईलच्या माइकला बैल आणि आजोबा सारखेच.

यावर महागडा माइक हे पहिलं उत्तर नाही. उत्तर आहे अंतर. उघड्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाजाची तीव्रता चौथाईवर येते, म्हणजे 6 डेसिबलनं घटते. भाचा 3 मीटरवर होता. तोच माइक तोंडापासून 20 सेंटीमीटरवर नेला असता तर आजोबांचा आवाज सव्वादोनशे पट तीव्र मिळाला असता आणि भोवतालचा गलका होता तेवढाच राहिला असता. गळ्याशी लावायचा छोटा माइक असेल तर उत्तम. नसेल तर दुसरा मोबाईल रेकॉर्डर चालू करून बंडीच्या वरच्या खिशात ठेवावा.

मग कॅमेऱ्यातलं चित्र आणि खिशातला आवाज यांचा मेळ? सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवायची. हात मिळाल्याची चौकट (फ्रेम) आणि आवाजातला टोकदार ठोका संगणकावर एकाखाली एक आणले की झालं. सेकंदाला 25 चौकटी धरल्या तर एक चौकट 40 मिलिसेकंदांची, आणि तेवढ्यात आवाज जेमतेम 14 मीटर जातो. म्हणून मैदानाच्या टोकावरून घेतलेल्या चित्रात ओठ आधी हलतात.

वाऱ्याचा फडफडाट ही वेगळीच भानगड. तो दुरून येत नाही, माइकच्या छिद्रापाशीच हवेचे भोवरे फुटून तयार होतो. स्पंजची किंवा लोकरी टोपी भोवरे बाहेरच अडवते आणि आत हवा शांत राहते. "हर हर महादेव"च्या गजरात आवाज फाटला तर मात्र तो नंतर शिवता येत नाही, म्हणून रेकॉर्डिंगची पातळी आधीच खाली ठेवावी.

आता हलणारं चित्र. धुऱ्यावरून चालताना आपलं डोकं खालीवर होतं, पण समोरची पऱ्हाटी हलताना दिसत नाही. आतल्या कानातल्या अर्धवर्तुळी नळ्यांमधला द्रव डोक्याची हालचाल टिपतो आणि सुमारे 10 मिलिसेकंदांत डोळे उलट दिशेला वळतात. मोबाईलमध्ये हे काम गतिसंवेदक करतो, काही फोनमध्ये भिंग सरकवून, काहींत चित्राच्या कडा कापून. त्याची ताकद थोडीच, बाकी आपल्या गुडघ्यांवर. ते किंचित वाकवा, कोपरं बरगड्यांना टेकवा.

नवशिक्यांची सगळ्यात मोठी खोड म्हणजे कॅमेरा झाडूसारखा फिरवणं. डोळे असे फिरत नाहीत. ते बैलजोडीवरून तोरणावर उडी मारतात आणि उडीच्या क्षणी दिसणारं धूसर चित्र मेंदू गाळून टाकतो. कॅमेरा गाळत नाही. शिवाय बहुतेक मोबाईल चित्र एका झटक्यात टिपत नाहीत, ओळीमागून ओळ वाचतात. तळाची ओळ वाचेपर्यंत वस्तू सरकलेली असते. धावत्या एसटीतून विजेचे खांब तिरपे दिसतात ते याचमुळं. कॅमेरा फिरवायचाच असेल तर एका काठावरची वस्तू दुसऱ्या काठाला पोचायला सातेक सेकंद द्या. जिथं थांबायचं त्या बाजूला पाय आधीच वळवून ठेवा आणि कमरेतून सुरुवातीच्या जागेकडं पीळ घ्या. पीळ सुटत जातो तसं अंग सैल पडतं आणि शेवट हलत नाही. माझ्या मते मात्र पहिल्या वर्षी कॅमेरा न फिरवणंच बरं.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. भाच्यानं लाकडी बैल ओढणाऱ्या धाकट्याच्या खिशात मोबाईल ठेवला, टाळी वाजवली, स्वतः जागचा हलला नाही. चित्र स्थिर आलं. आवाजही जवळून, लख्ख आला. त्या खिशात फुटाणेही होते.