छातीत गाठी निघाल्या, आता समोर काय?

आमच्या सेंटरवर सिटी स्कॅन झाला की लोकं रिपोर्टातल्या एका ओळीचा फोटो टाकून विचारतात, "भाऊ, छातीत गाठी आल्या म्हणते, कॅन्सर आहे काय?" म्हणून हा कागद छापला.

रिपोर्टातल्या गाठी म्हणजे लसिका ग्रंथी, जंतूंशी लढणाऱ्या बारीक गाठी. दोन फुप्फुसांच्या मधात त्या सगळ्यायलेच असतात, आखूड बाजूनं मोजून १० मिलिमीटरच्या वर गेली की सहसा 'वाढली' लिहितात. कारणं गंज आहेत. आपल्याकडे पहिला संशय टीबीचाच, मग सार्कॉइडोसिस (जंतू नसतानाही सूज येऊन गाठी होणारा आजार), लिम्फोमा (लसिका ग्रंथींचाच कॅन्सर), फुप्फुसाचा कॅन्सर, आणि गिट्टी खदानीत नाहीतर वणी-चंद्रपूरकडच्या कोळसा खाणीत वर्षं काढली असली तर धूळ. साध्या निमोनियानं सुजतात, हार्ट कमजोर असलं तरी सुजतात. म्हणून काम काय करता विचारलं तर राग नका मानू.

स्कॅनवर गाठीचा मधला भाग काळा अन् कडा चमकते, तर कल टीबीकडे, दोन्ही बाजूनं सारख्या असल्या तर सार्कॉइडकडे, पण हा अंदाजच बाप्पा. पक्कं समजते गाठीचा तुकडा काढून तपासला की. आता ईबस नावाची दुर्बीण तोंडातून श्वासनळीत घालतात, तिच्यातच सोनोग्राफी असते, तिच्यावर पाहून सुईनं गाठीतला माल काढतात, छाती उघडा लागत नाही. त्यासाठी आपल्याले नागपूर गाठा लागते.

तिथं बाटलीचं विचाराच. मागं एक काका एसटीनं पन्नीत गुंडाळलेली बाटली घेऊन आले, सगळा माल फॉर्मालिनमध्ये (तुकडा टिकवायचं औषध), त्यात जंतू मरतात म्हणून कल्चर (जंतू वाढवून पाहायची तपासणी) होतच नाही, बिचाऱ्याले परत सुई टोचा लागली. पेशी पाहायले फॉर्मालिनची बाटली, टीबीसाठी साध्या सलाईनची वेगळी. सीबीनॅट, म्हणजे टीबीचे जंतू शोधायची मशीनवरची तपासणी, दोनेक तासात होते, रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध लागू पडते का तेही सांगते, पण गाठीत जंतू कमी असतात, निगेटिव्ह आलं म्हणजे टीबी नाही असं नाही. कल्चरले ६ आठवडेही लागतात.

तुकडा काढायच्या आधी स्टिरॉइडच्या गोळ्या मनानं घेऊ नका, लिम्फोमाच्या गाठी त्यानं दबतात अन् मग तुकड्यात काही सापडत नाही. सुरू असल्या तर डॉक्टरले सांगा, एकदम बंदही नका करू.

टीबी निघाला तर औषधं सरकारी दवाखान्यात फुकट आहेत.

स्कॅनले येताना क्रिएटिनिनचा (किडनीच्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट आणा, अन् जुना एक्स-रे, स्कॅन असला तर तोही, उंदरानं कुरतडला असला तरी चालते. गाठ दोन वर्षाआधी तेवढीच होती काय, हे त्याच्यावरूनच समजते.