बॉट बसवला, आता त्याचा धनी कोण?

(आमच्याकडून बॉट घेतलेल्या आणि घेऊ इच्छिणाऱ्या ग्राहकांसाठी)

जीएसटी पोर्टलवरून जीएसटीआर-२बी (पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांवरून तयार होणारे तुमच्या खरेदीचे पत्रक) उतरवून घेणे, ते खरेदीच्या नोंदींशी जुळवणे, बँकेचे स्टेटमेंट टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवणे, मालवाहतुकीसाठी लागणारे ई-वे बिल काढणे ही कामे आमचे बॉट, म्हणजे संगणकावरची ठरावीक कामे आपोआप करणारे प्रोग्रॅम, करतात. बॉट कसा चालवायचा ते वापरपुस्तिकेत दिले आहे. त्याच्यावर लक्ष कोणी आणि कसे ठेवायचे, ते या पत्रकात वाचा.

धनी

प्रत्येक बॉटला तुमच्या ऑफिसातला एक धनी लागतो, तोही नावानिशी. ‘अकाउंट्सवाले बघतील’ हे उत्तर आम्ही फॉर्मवर घेत नाही. संगणक चांगला येतो म्हणून कोणाला नेमू नका. टॅलीत काय चढायला हवे हे ज्याला कळते, त्याला नेमा. तो रजेवर असेल तेव्हा कोण, तेही लिहून द्या.

लॉगिन

नव्या कारकुनाला पहिल्याच दिवशी तिजोरीची किल्ली कोणी देत नाही; बॉटला मात्र सर्रास मालकांचे लॉगिन दिले जाते. बॉटला स्वतःचे लॉगिन द्या आणि त्याला कामापुरतेच अधिकार ठेवा. नोंद चढवता यावी, खोडता येऊ नये. कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा माग ठेवणे बंधनकारक आहे. बॉट आणि माणूस दोघेही ‘अ‍ॅडमिन’ नावाने शिरत असतील, तर त्या मागातून ऑडिटरला काय कळणार? भागीदारी पेढ्यांना हा नियम नाही, तरी आमचा सल्ला तोच.

ओटीपीचेही तसेच. १ एप्रिल २०२५ पासून ई-वे बिल आणि ई-इन्व्हॉइस पोर्टलवर सगळ्यांनाच ओटीपी लागतो. मालकांच्या फोनवरचे एसएमएस आपोआप पुढे पाठवणारे अ‍ॅप बसवून द्या, असे आम्हाला वरचेवर सांगितले जाते. आम्ही बसवून देत नाही, कारण त्याच फोनवर बँकेचे ओटीपी येतात. पोर्टलवर सब-युझर (मुख्य खात्याखालचे वेगळे लॉगिन) तयार करता येतो आणि त्याला वेगळा मोबाइल क्रमांक जोडता येतो. तो मार्ग घ्या.

बिनआवाजाची चूक

बॉट अडला तर ते लगेच कळते. न अडता चुकला तर मात्र पंचाईत. समजा, नवा संगणक आला आणि त्यात विंडोजची तारीख अमेरिकी पद्धतीची राहिली. स्टेटमेंटमधली ०३/०४ ही तारीख, म्हणजे आपली ३ एप्रिल, एक्सेल तिथे ४ मार्च समजते आणि नोंद थेट मागच्या आर्थिक वर्षात जाते. १३/०४ चे मात्र तसे होत नाही, कारण तेरावा महिनाच नसतो. एक्सेल ती तारीख जशीच्या तशी मजकूर म्हणून ठेवते. त्यामुळे महिन्याच्या १३ तारखेपासून पुढच्या नोंदी बरोबर, आणि आधीच्या भलत्याच महिन्यांत विखुरलेल्या. एरर येत नाही. नोंदींची संख्या जुळते, एकूण बेरीजही जुळते. म्हणून धन्याने नुसती एकूण बेरीज पाहून भागत नाही; महिनावार बेरीज पाहावी आणि दर आठवड्याला चार-पाच नोंदी मूळ कागदाशी ताडून घ्याव्यात.

बॉटने काय करू नये

२बी साधारण १४ तारखेला तयार होते. पुरवठादाराचे बिल ‘०४५’ आणि तुमच्या वहीत ‘४५’, असले फरक बॉट शोधतो आणि यादी देतो. पण इन्व्हॉइस मॅनेजमेंट सिस्टीममध्ये (पुरवठादारांची बिले मान्य-अमान्य करण्याची जीएसटी पोर्टलवरची सोय) ‘स्वीकार’ की ‘नकार’ हे माणसानेच ठरवायचे. तिथे काहीच केले नाही तर बिल स्वीकारले असे धरले जाते, तेव्हा जीएसटीआर-३बी हे विवरणपत्र भरण्याआधी ती यादी वाचलीच पाहिजे. बँकेत पैसे सोडण्याचे बटणही बॉटकडे नको. कितीही आग्रह झाला तरी ते आम्ही जोडत नाही.

घरचे बॉट

मायक्रोसॉफ्टने २०२१ पासून पॉवर ऑटोमेट डेस्कटॉप हे बॉट बनवायचे साधन विंडोज १० वर फुकट दिले. तुमच्याकडचा एखादा हुशार मुलगा त्यावर स्वतःच काहीतरी जुळवून ठेवतो. ठेवू द्या, फक्त बॉटचे एक रजिस्टर ठेवून त्यात नोंदवा: बॉटचे नाव, धनी, लॉगिन, कधी चालतो, शेवटचा बदल कोणी आणि कशासाठी केला. नाहीतर तो मुलगा नोकरी सोडतो आणि बॉट चालूच राहतो.

सूचना आणि निरोप

१ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतील नाइट कॅपिटल या दलाली कंपनीने आठ सर्व्हरपैकी सातांवरच नवा प्रोग्रॅम चढवला. आठव्यावरचा जुना, वापरात नसलेला भाग जागा झाला आणि साधारण ४५ मिनिटांत ४० कोटी डॉलरहून अधिक बुडाले. बाजार उघडण्याआधी यंत्रणेने कर्मचाऱ्यांना ९७ ई-मेल पाठवले होते. त्यांवर कोणी काही केले नाही.

म्हणून आमचे बॉट रोज ढीगभर मेल पाठवत नाहीत. काम अडले तरच एक मेसेज जातो, तो धन्याला. दोन तासांत त्याने पोच दिली नाही, तर पुढचा मालकांना.

एखादा बॉट नको झाला, तर नुसता आयकॉन काढून तो जात नाही. त्याचे लॉगिन, साठवलेले पासवर्ड आणि विंडोजच्या टास्क शेड्यूलरमधली (ठरल्या वेळी प्रोग्रॅम सुरू करणारी सोय) नोंद, तिन्ही काढावी लागतात. आम्हाला कळवा, माणूस येऊन काढून देतो, रजिस्टरात तारीख टाकून सही घेतो. त्याचे वेगळे पैसे नाहीत.