"पेपर किती झाले?" हा प्रश्न आला कुठून: संशोधन, पैसा आणि बढतीचा थोडा इतिहास

इंदूरमधे राजेंद्र नगर, सुदामा नगर, लोकमान्य नगर अशा आपल्या मराठी वस्त्यांमधे प्रत्येक गल्लीत एखादा तरी पीएचडी करणारा मुलगा किंवा मुलगी सापडते, कोणी खंडवा रोडला युनिव्हर्सिटीत, कोणी सिमरोलला आयआयटीत, कोणी कॅटमधे, म्हणजे अणुऊर्जा खात्याच्या प्रगत तंत्रज्ञान केंद्रात, आणि यातल्या कोणाशीही दहा मिनिटं बोला, गाडी तीनच गोष्टींवर येते, पेपर किती झाले (म्हणजे संशोधनाचे किती लेख जर्नलमधे, शास्त्रीय नियतकालिकांत, छापून आले), फेलोशिप आली का, आणि पुढे पोस्ट निघणार आहे का. मुळात कशावर काम चाललंय हे सगळ्यात शेवटी, तेही आपण विचारलं तर. मला याचं वाईट वाटतं, पण त्या पोरांना दोष देण्यात काहीच अर्थ नाही, कारण हे त्यांनी ठरवलेलंच नाहीये. पैसा कोण देतं, किती वर्षांसाठी देतं आणि बढतीच्या वेळी काय मोजलं जातं या तीन गोष्टींवर कुठला प्रश्न अभ्यासला जाणार हे बरंचसं ठरतं, आणि हे तिन्ही नियम वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या लोकांनी, बहुतेक वेळा चांगल्याच हेतूनं, आधीच्या कुठल्यातरी त्रासावर उपाय म्हणून केलेले आहेत.

आधी जुन्या काळाचं थोडक्यात. युरोपात विज्ञान बराच काळ एकतर घरचा पैसा असलेल्यांनी केलं किंवा कोणा राजाच्या, सरदाराच्या आश्रयानं. डार्विननं आयुष्यात कधी विद्यापीठात नोकरी केली नाही, घरच्या पैशावर काम केलं. संशोधन ही प्राध्यापकाची नोकरीच असते ही कल्पना जोरात आली ती जर्मनीतून, बर्लिनचं विद्यापीठ १८१० मधे सुरू झालं त्यानंतर, आणि आजची पीएचडी ही त्याच परंपरेतली. आपल्याकडे १८७६ मधे डॉ. महेंद्रलाल सरकारांनी कलकत्त्यात लोकांकडून वर्गण्या गोळा करून संशोधनासाठी संस्था काढली, आणि सी. व्ही. रामन यांनी सरकारी हिशेब खात्यातली नोकरी सांभाळून सकाळ-संध्याकाळ तिथेच प्रयोग केले. १९१७ मधे ते कलकत्ता विद्यापीठात पालित प्रोफेसर झाले तेव्हा पगार जवळपास निम्म्यावर आला. ते पद तारकनाथ पालितांच्या देणगीतून होतं आणि परदेशात शिकून आलेला माणूसच हवा अशी अट होती, रामन जायला तयार नव्हते, शेवटी आशुतोष मुखर्जींनी ती अट बाजूला ठेवायला लावली. म्हणजे देणगीदाराची अट आणि ती वाकवायची हिंमत असलेला कुलगुरू, या दोन गोष्टींवर इतकं मोठं काम अडून होतं. ही जुनी आश्रयाची पद्धत काही आदर्श नव्हती हे लक्षात ठेवा, ज्याला ओळख नाही, ज्याची जात-पात किंवा घराणं आडवं येतं, त्याला आत शिरायला दारच नव्हतं.

आता आपल्या इंदूरची गोष्ट, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे कारण या विषयाला याच्याइतकं चपखल उदाहरण मला दुसरं माहीत नाही. आज आपण ज्याला ॲग्रीकल्चर कॉलेज म्हणतो तिथे आधी इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री होती, १९२४ ला सुरू झालेली, अल्बर्ट हॉवर्ड नावाच्या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञानं उभी केलेली. हॉवर्ड त्याआधी १९०५ पासून बिहारमधे पूसाला होता. गंमत बघा, पूसाची ती सरकारी संशोधन संस्थासुद्धा हेन्री फिप्स या अमेरिकन धनिकानं लॉर्ड कर्झनला दिलेल्या सुमारे ३०,००० पौंडांतून उभी राहिली होती. तिथे हॉवर्ड आणि त्याची बायको गॅब्रिएल, जी स्वतः तितकीच तयारीची शास्त्रज्ञ होती, यांनी गव्हाच्या नव्या जाती काढल्या, त्या खूप चालल्या, नाव झालं. पण त्याची तक्रार कायम एकच, की पीक एक आणि खाती दहा. बुरशी आली की ती बुरशीवाल्यांची, कीड आली की कीटकवाल्यांची, माती केमिस्टची, बैल आजारी पडला तर तो जनावरांच्या डॉक्टरांचा. शेतकऱ्यापुढे मात्र हे सगळं एकाच बांधाच्या आत असतं. हॉवर्डला स्वतःचे बैल ठेवून चांगल्या जमिनीतला चारा खाल्लेली जनावरं रोगाला किती तोंड देतात हे बघायचं होतं, आणि ते मिळवायलाच त्याला भांडावं लागलं, का तर ते दुसऱ्या खात्याचं काम.

म्हणून त्यानं ठरवलं की खात्यांच्या भिंतीच नसलेली संस्था काढायची. पैसा कुठून? तर तेव्हा इंडियन सेंट्रल कॉटन कमिटी नुकतीच झालेली होती, १९२१ ला, आणि १९२३ च्या कायद्यानं कापसाच्या प्रत्येक गाठीमागे काही आणे सेस, म्हणजे खास कर, बसला होता, तो पैसा कापसाच्या संशोधनासाठी होता. त्या सेसमधून इंदूरच्या संस्थेला मोठा वाटा मिळाला, मध्य भारतातल्या संस्थानांनी वार्षिक वर्गणी दिली, आणि जमीन होळकर दरबारानं दिली, सुमारे ३०० एकर. आता पैसा कापसाचा म्हणजे काम कापसाचंच असायला हवं, आणि नावापुरतं ते होतंही. पण हॉवर्डचं म्हणणं असं, की माळव्याच्या काळ्या मातीत कापूस नीट यायला हवा असेल तर नुसती नवी जात देऊन भागणार नाही, जमिनीचा कस सुधारायला हवा, आणि कस सुधारायचा तर शेणाच्या गोवऱ्या जाळून टाकणाऱ्या देशात खत कुठून आणायचं हा खरा प्रश्न. त्यातून निघाली ती कंपोस्टची "इंदूर पद्धत", पिकाचा काडीकचरा, शेण, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती, राख असे थर द्यायचे, पाणी मारायचं, ठरल्या वेळी वरखाली करायचं, आणि साधारण तीन महिन्यांत खत तयार. १९३१ मधे त्यावर पुस्तक आलं, त्यावर हॉवर्डच्या जोडीनं यशवंत वाड यांचं नाव सहलेखक म्हणून आहे. रसायनाची बाजू त्यांनी सांभाळली होती, आणि हे नाव इंदूरच्या मराठी घरांत जितकं माहीत असायला हवं तितकं नाही, ते मला खरंच खटकतं.

आता यातली पैशाची बाजू बघा. सेसचा पैसा एका पिकाच्या नावानं आला होता पण तो संस्थेला एकगठ्ठा, बरीच वर्षं मिळत होता, एकेका प्रयोगाला वेगळा अर्ज नव्हता, आणि संचालक स्वतः हॉवर्डच असल्यानं खात्याची हद्द आडवी येत नव्हती. म्हणून कापसाच्या पैशातून खत निघालं. हेच काम त्याला "तीन वर्षं, इतका खर्च, एवढे पेपर, आणि फक्त कापूस" असं लिहून मागावं लागलं असतं तर ते झालं नसतं असं मला ठामपणे वाटतं. पुढचाही भाग महत्त्वाचा आहे. हॉवर्ड १९३१ ला परत गेला, आणि या पद्धतीचं स्वागत कोणी केलं तर चहा-कॉफीच्या मळेवाल्यांनी, केनियातल्या कॉफीवाल्यांनी. शेतीशास्त्रातले तज्ञ बऱ्यापैकी थंड राहिले, काही तर विरोधात गेले. त्यांची सगळी कारकीर्द एकेका तुकड्यावर उभी होती, कोणाची जातींवर, कोणाची रासायनिक खतावर, मग ते तरी दुसरं काय करणार. अर्थात हॉवर्डचं सगळंच बरोबर होतं असं नाही, रासायनिक खतांबद्दलचे त्याचे काही दावे पुराव्याच्या पुढे पळालेले आहेत.

आणि उद्योगाचा पैसा म्हणजे वाईटच असंही नाही हं. इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडला गव्हाच्या शेतावरचा खतांचा प्रयोग १८४३ मधे सुरू झाला तो अजून चालू आहे, आणि तो सुरू करणारा जॉन लॉज हा सुपरफॉस्फेट विकणारा कारखानदार होता. खताच्या धंद्यातला माणूस खतावर प्रयोग करतो म्हणजे हेतू उघड आहे, पण त्यानं पुढे ट्रस्ट करून पैसा कायमचा बांधून दिला म्हणून आज मातीबद्दलची पावणेदोनशे वर्षांची माहिती हातात आहे. तेव्हा पैसा कोणाचा हे जितकं बघायचं तितकंच तो किती वर्षांचा हेही बघायला पाहिजे.

दुसऱ्या महायुद्धानंतर सगळं मोठं झालं. अमेरिकेत युद्धकाळातल्या सरकारी संशोधनाचे प्रमुख व्हॅनेव्हर बुश यांनी जुलै १९४५ मधे अहवाल दिला की मूलभूत संशोधनाला सरकारनं पैसा द्यावा आणि कशावर काम करायचं ते शास्त्रज्ञांनी ठरवावं, त्यातून १९५० मधे तिथलं नॅशनल सायन्स फाउंडेशन आलं. पैसा प्रोजेक्टवार, दोनतीन वर्षांचा, आणि अर्ज तपासणार त्याच विषयातले बाकीचे लोक. ओळखीपाळखीच्या जागी समितीची तपासणी आली ही मोठी सुधारणाच होती. पण समितीला खात्रीचं काम आवडतं, जे निम्मं आधीच झालेलं आहे ते, आणि एकदम वेगळं काही मागणारा माणूस तिथे मागे पडतो.

आपल्याकडे वाट जरा वेगळी झाली. १९४२ मधे सीएसआयआर ही सरकारी संशोधन परिषद, रसायनशास्त्रज्ञ शांतिस्वरूप भटनागरांच्या पुढाकारानं, मग १९४८ मधे अणुऊर्जा आयोग, आणि राष्ट्रीय प्रयोगशाळा एकेक उभ्या राहिल्या त्या विद्यापीठांच्या बाहेर. भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहा तेव्हाच ओरडत होते की संशोधन विद्यापीठांतच वाढवा, ते फारसं कोणी ऐकलं नाही. परिणाम इंदूरमधे डोळ्यांना दिसतो, होळकर सायन्स कॉलेज १८९१ चं, पिढ्यान्‌पिढ्या मुलं शिकवून बाहेर काढली, पण मोठी यंत्रं आली ती १९८४ मधे सुरू झालेल्या कॅटमधे. इंडस-१ आणि इंडस-२ ही सिंक्रोट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन वेगानं फिरवून प्रयोगांसाठी तीव्र किरणं देणारी यंत्रं, तिथे आहेत, देशातली अशी सोय तेवढीच. नंतर युनिव्हर्सिटीवाल्यांना या यंत्रांपर्यंत पोचता यावं म्हणून खंडवा रोडला वेगळं केंद्रही झालं, ती चांगली गोष्ट झाली, पण शिकवणारे एकीकडे आणि संशोधनाचा पैसा दुसरीकडे ही फट काही बुजली नाही.

मग मोजणी. यूजीन गारफिल्ड नावाच्या माणसानं १९६४ मधे सायन्स सायटेशन इंडेक्स काढला, कुठला पेपर पुढे कोणी कोणी उल्लेखला याची सूची, शोधायला सोपं जावं म्हणून. त्यातूनच इम्पॅक्ट फॅक्टर आला, म्हणजे एखाद्या जर्नलमधल्या मागच्या दोन वर्षांतल्या लेखांना सरासरी किती उल्लेख मिळाले तो आकडा, आणि लायब्ररीनं कुठली जर्नल घ्यावीत यासाठी तो बरा होता. तोच आकडा नंतर माणसं मोजायला वापरायला लागले. आता दोन वर्षांची खिडकी आहे म्हटल्यावर ज्या विषयात गोष्टी सावकाश होतात, पीक, माती, वनस्पतींची वर्गवारी, ते आपोआप खाली जातात. इंदूर पद्धतीला १९२४ ते ३१ अशी सात वर्षं लागली होती, या हिशेबात ती कुठे बसणार. २००५ मधे एच-इंडेक्स आला, एका माणसाच्या किती पेपरना किती उल्लेख मिळाले यावरून काढलेला, तो तर सरळ माणसालाच लावायचा आकडा.

अमेरिकेत आणखी एक प्रकार झाला. १९९८ ते २००३ मधे तिथल्या आरोग्य संशोधनाचं सरकारी बजेट दुप्पट केलं, सगळ्यांनी लॅब वाढवल्या, पीएचडीवाले आणि पोस्टडॉक (पीएचडीनंतर तात्पुरत्या नोकरीवर संशोधन करणारे) भराभर घेतले, आणि मग बजेट जागच्या जागी थांबलं. अर्ज मंजूर व्हायचं प्रमाण तीसएक टक्क्यांवरून विसाच्या आसपास आलं. पैसा वाढला तरी तो कसा वाढतो हे बघितलं नाही की नुकसान नव्या पोरांचंच होतं. शास्त्रज्ञ कॅटलिन कारिको यांना एमआरएनएवर (पुढे करोनाच्या लसी ज्यातून निघाल्या ते काम) ग्रँट मिळेना म्हणून १९९५ मधे विद्यापीठानं खालच्या पदावर टाकलं, त्याच कामाला २०२३ मधे नोबेल. नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ पीटर हिग्ज २०१३ मधे म्हणाले होते की आजच्या काळात आपल्याला नोकरीच मिळाली नसती, पेपर फार कमी. आणि जे छापलं जातं त्याचं काय, तर २०१५ मधे मानसशास्त्रातले १०० प्रयोग पुन्हा करून बघितले तेव्हा त्यातले ३६ टक्केच नीट उतरले. सगळे खोटारडे होते म्हणून नाही, "काही सापडलं नाही" हे कोणी छापत नाही आणि पुन्हा करून बघायला कोणी पैसा देत नाही म्हणून.

भारतात ही मोजणी नियमातच आली. २००९ मधे यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, थीसिस देण्याआधी एक पेपर छापलेला हवा अशी अट घातली, २०१० मधे शिक्षकांच्या नेमणुकीला आणि बढतीला एपीआयचे, म्हणजे पेपर वगैरे कामाची मोजणी करणारे, गुण आले. हेतू असा की विभागप्रमुखाच्या मर्जीवर बढती नको, कागदावर आकडा हवा, आणि ज्यांनी मर्जीचा त्रास भोगलाय त्यांना विचारा, तो हेतू काही चुकीचा नव्हता. पण हा नियम लावला तो तालुक्याच्या कॉलेजलाही, जिथे आठवड्याला ढीगभर तास घ्यायचे, प्रयोगशाळेत बर्नरला गॅस नाही आणि संशोधनाला एक रुपया नाही. अशा शिक्षकानं पेपर कुठून आणायचा? मग पैसे घेऊन छापणारी जर्नल पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखी उगवली. २०१३ मधे एका विज्ञान पत्रकारानं मुद्दाम चुका भरलेला खोटा पेपर ३०४ जर्नलना पाठवला, १५७ नी तो घेतला, आणि त्या यादीत भारतातल्यांचा भरणा मोठा होता. २०१८ मधे यूजीसीनं स्वतःच्याच मान्य यादीतून ४,३०५ जर्नल काढून टाकली, मग केअर लिस्ट, म्हणजे मान्य जर्नलची नवी यादी, आणली, २०२२ मधे पीएचडीची पेपरची सक्ती उठवली, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत केअर लिस्टही बंद केली, आता संस्थांनीच ठरवा म्हणे. सक्ती कागदावरून गेली पण मुलाखतीच्या टेबलावर प्रश्न तोच आहे.

फेलोशिपचंही बोललं पाहिजे. जेआरएफ, म्हणजे पीएचडीच्या सुरुवातीला मिळणारी फेलोशिप, २०१४ मधे महिन्याला २५,००० झाली, २०१९ मधे ३१,०००, २०२३ पासून ३७,०००, आणि यातली वाढ पोरांनी रस्त्यावर उतरून मिळवलेली आहे. पैसे महिनोन्‌महिने अडकतात हे ज्यांच्या घरात स्कॉलर आहे त्यांना सांगायला नको. अशा वेळी स्कॉलर अवघड, लांबचा प्रश्न हातात घेत नाही, पटकन संपेल असाच विषय घेतो, आणि गाईडही तेच सुचवतो कारण गाईडलाही आपला आकडा दाखवायचा असतो.

आता अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन ही संशोधनाला पैसा देणारी सरकारी संस्था आलीय, २०२३ चा कायदा, पाच वर्षांत ५०,००० कोटींची घोषणा, त्यातले साधारण ३६,००० कोटी सरकारबाहेरून, म्हणजे मुख्यतः उद्योगांकडून यायचे आहेत. देशाचा संशोधनावरचा खर्च २०२०-२१ मधे जीडीपीच्या ०.६४ टक्केच होता, तेव्हा पैसा यायलाच हवा, राज्यातल्या विद्यापीठांपर्यंत पोचवू असंही म्हटलंय आणि ते झालं तर फार मोठी गोष्ट होईल. मी बघणार आहे ते हे, की उद्योगाचा पैसा संस्थेला एकगठ्ठा येतो की एकेका प्रोजेक्टवर त्या कंपनीचं नाव लिहून येतो, किती वर्षांसाठी येतो, आणि कापसाच्या नावावर आलेल्या पैशात कोणाला खतावर काम करायची मुभा आहे का. दुसरं म्हणजे २०२५ पासून एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या संस्थांच्या रँकिंगमधे मागे घेतलेल्या (चुका किंवा लबाडी सापडून जर्नलनं रद्द केलेल्या) पेपरचे गुण कापायला सुरुवात झालीय. त्यामुळे इतकी वर्षं फक्त वाढवायचा म्हणून ठेवलेल्या आकड्यात पहिल्यांदाच वजाबाकी आली, आणि काही संस्था आपापले जुने पेपर उघडून बघायला लागतील, ही निदान सुरुवात आहे.