पीआयपी अपील

पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट, म्हणजे पीआयपी, हा ब्रिटनमधला अपंगत्व भत्ता. तो नाकारला, कमी दराने मंजूर केला किंवा चालू असलेला बंद केला, तर त्या निर्णयाविरुद्ध सरकारी खात्याच्या बाहेरच्या स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. त्याला फर्स्ट-टियर ट्रायब्युनल म्हणतात. अपिलाला फी नाही आणि वकीलही लागत नाही. ही नोंद इंग्लंड आणि वेल्सपुरती आहे. स्कॉटलंडने २०२२ मध्ये स्वतःचा वेगळा भत्ता सुरू केला आणि उत्तर आयर्लंडची अपील यंत्रणा निराळी आहे.

पीआयपी २०१२ च्या वेल्फेअर रिफॉर्म अॅक्टने आला आणि एप्रिल २०१३ पासून लागू होऊ लागला. कामाच्या वयातल्या माणसांसाठी त्याने जुन्या डिसॅबिलिटी लिव्हिंग अलाउन्सची जागा घेतली. भारतातून आलेला माणूस इथे सवयीने अपंगत्वाची टक्केवारी शोधतो. पीआयपीत टक्केवारी नाहीच आणि आजाराच्या नावालाही गुण नाहीत. गुण मिळतात ते बारा कृतींवर. स्वयंपाक, खाणेपिणे, औषधोपचार, अंघोळ, शौच, कपडे, बोलणे, वाचणे, माणसांत मिसळणे आणि पैशांचे निर्णय या दहा रोजच्या जगण्यातल्या, तर प्रवासाचा मार्ग ठरवून तो पाळणे आणि चालणे या दोन हिंडण्याफिरण्यातल्या. दोन्ही गटांचे गुण स्वतंत्र मोजतात. गटात ८ गुण झाले तर साधा दर, १२ झाले तर वाढीव दर.

अपिलात खरा कस लागतो तो नियमातल्या चार अटींवर. एखादी कृती 'जमते' असे तेव्हाच म्हणायचे, जेव्हा ती सुरक्षितपणे, बऱ्यापैकी नीट, गरज पडेल तितक्या वेळा आणि वाजवी वेळात जमते. धडधाकट माणसाला जास्तीत जास्त जेवढा वेळ लागेल त्याच्या दुपटीहून अधिक लागत असेल, तर तो वेळ वाजवी नाही. शिवाय अडचण निम्म्याहून अधिक दिवस असावी लागते.

स्वयंपाकाचे उदाहरण घ्या. कायद्याच्या लेखी स्वयंपाक म्हणजे ताज्या जिन्नसांपासून एका माणसापुरता एक साधा पदार्थ, आणि शिजवणे म्हणजे कमरेच्या किंवा त्याहून वरच्या उंचीवर अन्न गरम करणे. त्यामुळे ओव्हनपाशी वाकता येत नाही हे सांगून गुण मिळत नाहीत. पण संधिवाताने बोटे आखडलेल्या बाईच्या हातून कांदा चिरताना सुरी निसटत असेल, गरम पातेले दोन्ही हातांनी धरूनही उचलवत नसेल, सकाळी कशीबशी भाजी केल्यावर संध्याकाळी मनगटे हलत नसतील, तर ते सगळे मोजले जाते. अर्जानंतर खात्यातर्फे होणाऱ्या तपासणीच्या अहवालात मात्र कित्येकदा 'स्वयंपाक करते' एवढेच येते, कारण प्रश्न तेवढाच विचारलेला असतो आणि उत्तरही तेवढेच दिलेले असते. 'कसं काय?' म्हटले की 'बरं आहे, चाललंय' हे आपल्या तोंडून आपोआप निघते. त्या दोन शब्दांनी मराठी घरांतल्या माणसांचे नुकसान होऊ शकते, म्हणून हे इथे मुद्दाम नोंदवले आहे.

निर्णय आल्यावर थेट अपील करता येत नाही. आधी पीआयपीचा निर्णय देणाऱ्या सरकारी खात्याकडेच, म्हणजे डिपार्टमेंट फॉर वर्क अँड पेन्शन्सकडे, महिन्याभरात फेरविचार मागावा लागतो. फेरविचाराचे पत्र हाती आले की पुन्हा एक महिना मिळतो. त्यात ऑनलाइन किंवा फॉर्म भरून अपील दाखल होते. उशिराला सबळ कारण असेल तर ते मान्य होऊ शकते. मग खाते आपले उत्तर आणि सगळ्या कागदांचा पाने क्रमांकित केलेला गठ्ठा पाठवते. त्यातला तपासणी अहवाल ओळ न् ओळ वाचावा आणि जिथे तो रोजच्या जगण्याशी जुळत नाही तिथे पान क्रमांक घालून लिहून पाठवावे. 'रुग्णाला मधुमेह आहे' एवढ्याच डॉक्टरच्या चिठ्ठीपेक्षा, रात्री साखर उतरल्यावर कोण उठवते, हे सांगणारे घरच्याचे पत्र जास्त कामाचे.

सुनावणी प्रत्यक्ष, फोनवर किंवा व्हिडिओवर होते. केवळ कागदांवर निर्णय मागता येतो, पण मग न्यायाधिकरणाला काही विचारायचे असले तरी समोर कोणी नसते. पीआयपीच्या अपिलात सहसा तिघे बसतात : एक न्यायाधीश, एक डॉक्टर आणि अपंगत्वाचा स्वतः किंवा कामातून अनुभव असलेला एक सदस्य. झगे नाहीत, पिंजरा नाही, एक टेबल असते. खात्याचा माणूस कित्येकदा येतही नाही. प्रश्न हे तिघेच विचारतात : बसस्टॉपपर्यंत किती वेळा थांबता, पाठ कोण घासते, सकाळी बटणे कोण लावते. इतक्या बारकाईने ऐकून घेणारे कोणी अर्जदाराला बहुधा पहिल्यांदाच भेटलेले असते. सुनावणीत खात्याचे निर्णय मोठ्या प्रमाणावर फिरतात, त्याचे एक कारण हेच असावे.

दोन गोष्टी आधीच माहीत हव्यात. न्यायाधिकरण मूळ निर्णयाच्या दिवशीची परिस्थिती पाहते. त्यानंतर बळावलेला आजार १९९८ च्या सोशल सिक्युरिटी अॅक्टनुसार विचारात घेता येत नाही, त्यासाठी खात्याकडे वेगळे कळवावे लागते. दुसरे म्हणजे मिळत असलेला भत्ता अपिलात कमीही होऊ शकतो. मात्र असा धोका दिसला तर न्यायाधिकरणाने तसे सांगून विचार करायला वेळ द्यावा अशी अपेक्षा असते.

अपील फेटाळले तर लेखी कारणे मागवता येतात आणि कायद्याची चूक दाखवता आली तर परवानगी घेऊन वरच्या न्यायाधिकरणाकडे, म्हणजे अपर ट्रायब्युनलकडे, जाता येते. तिथले निकाल दूरवर पोहोचतात. तीव्र मानसिक त्रासामुळे एकट्याने प्रवास न करता येणाऱ्यांना प्रवासाच्या कृतीत अधिक गुण मिळू शकतात, असे अपर ट्रायब्युनलने २०१६ मध्ये म्हटले. सरकारने मार्च २०१७ मध्ये नियम बदलून ती वाट बंद केली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये हायकोर्टाने तो बदल भेदभाव करणारा ठरवून रद्द केला.

मराठीतून बोलायचे असेल तर अपिलाच्या फॉर्ममध्येच दुभाषी मागावा. तो मोफत मिळतो. मुलगा किंवा सून सोबत येऊ शकतात, धीर देऊ शकतात, पण दुभाष्याचे काम त्यांच्याकडे नसते. आणि ते बरेच आहे, कारण शौचाला कुणाची मदत लागते हे सुनेच्या तोंडून सांगवून घेणे सासूबाईंना जमत नाही.