आशाताई आणि डौला: एक गावाची, एक बाईची

परदेशात बाळंत झालेली मुलगी फोनवर ‘डौला’ (बाळंतपणात सोबत करणारी बाई) म्हणाली की इकडे बीडमधल्या धारूर-वडवणीकडची मावशी लगेच म्हणते, “म्हंजे आमची आशाताईच की!” दोघी सुईणी नाहीत, दोघी नर्स नाहीत, हे खरं. पण काम वेगळं.

आशा, म्हणजे सरकारी योजनेतली आरोग्यसेविका, गावाची. 2005 च्या ग्रामीण आरोग्य अभियानातून आलेली, साधारण 1000 वस्तीमागे एक. गरोदर बाईची नोंद, तपासणीला नेणं, लोहाच्या गोळ्या, दवाखान्यात पोचवणं, मग घरी 42 दिवसांपर्यंत 6 भेटी. सुट्टी होईपर्यंत तिनं दवाखान्यात थांबावं असं जननी सुरक्षा योजनेच्या कागदावर आहे. पण लसीकरण, सर्वेक्षण, वस्तीवरच्या बाकीच्या गरोदर बाया हे सगळं मागं टाकून ती किती थांबणार?

डौला एकाच बाईची. नोंदवही नाही, गोळ्या नाहीत, बीपी बघणं नाही. कळा सुरू झाल्यापासून बाळ अंगावर प्यायला लागेपर्यंत ती शेजारून हलत नाही. कंबर चोळते, पाणी पाजते, कुशीवर वळवते, चालवते, डॉक्टर काय म्हणाले ते सोप्या बोलीत सांगते. अशी सलग सोबत मिळालेल्या बायकांत सिझेरियन कमी होतात आणि कळाही थोड्या लवकर आटोपतात, असं अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलंय. परदेशात स्थलांतरित आयांसाठी काही डौला हे काम फुकट करतात, कारण तिथं आई-सासू जवळ नसते आणि दवाखान्याची भाषा परकी असते.

हे वाचून बीडच्या माणसाला ऊसतोड आठवली नाही तर नवल. दिवाळीच्या आगेमागे टोळी निघते. पोटुशी बाई गाडीत बसते आणि आशाताई गावातच राहते. बेळगावकडच्या उसाच्या फडावर कळा आल्या तर सिस्टर कानडीत बोलणार. तिथल्या गावच्या आशाच्या यादीत कोपीतली (तोडकऱ्यांच्या झोपडीतली) बाई असेलच, याचा भरवसा नाही. माझ्या मते हिला आशा लागतेच, पण तोडीचे सहा महिने डौलाच जास्त लागते.

डौला नावाची बाई तिथं मिळणार नाही, मात्र तिच्या जवळ जाणारी सोय आहे. सरकारी दवाखान्यात बाळंतपणाच्या वेळी नात्यातली एक बाई सोबत ठेवायला केंद्रानं 2016 मध्येच मान्यता दिली आहे. शक्यतो ती स्वतः बाळंत झालेली असावी, तिला संसर्गाचा आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत, आणि तिनं डॉक्टर-नर्सच्या कामात हात घालू नये. जाऊ किंवा नणंद बहुधा टोळीतच असते, तेव्हा माणूस शोधायला लांब जायला नको. माता-बाल कार्ड पिशवीत असू द्यावं, गाडीसाठी 102 किंवा 108.

अडचण वेगळीच आहे. सोबत गेलेल्या जावेचाही खाडा (कामावरची गैरहजेरी) पडतो आणि तो उचलीतून, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशातून, कापला जातो. हे मुकादमाशी (टोळी नेणाऱ्या ठेकेदाराशी) उचल घेतानाच बोलून ठेवावं; कळा सुरू झाल्यावर त्याचा फोन लागत नाही.