कण्हेर पतंग

कण्हेर पतंग हा स्फिंजिडी कुलातील मोठा, हिरवा, संध्याकाळी व रात्री उडणारा पतंग असून त्याचे शास्त्रीय नाव डॅफ्निस नेरिआय असे आहे. कार्ल लिनिअसने १७५८ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि कण्हेरीच्या नेरियम या वंशनामावरून त्याला नाव दिले. आफ्रिका, भूमध्य समुद्राभोवतीचा प्रदेश, पश्चिम आशिया आणि भारतासह दक्षिण आशिया हे त्याचे घर आहे. उन्हाळ्यात काही पतंग आल्प्स पर्वत ओलांडून मध्य युरोपात आणि क्वचित ब्रिटनपर्यंतही पोहोचतात. मात्र तिकडचा हिवाळा त्यांना सोसत नाही.

बडोद्यात हा पतंग पाहण्यासाठी रानात जावे लागत नाही. देवाला वाहायला फुले हवीत म्हणून मराठी घरांच्या अंगणात लावलेली तगर आणि कण्हेर, कुंडीतली सदाफुली, रस्त्याकडेची सातवीण आणि दुभाजकांवर रांगेने लावलेली तांबडी-गुलाबी कण्हेर ही सारी झाडे अ‍ॅपोसायनेसी या एकाच कुलातील आहेत आणि या पतंगाची अळी मुख्यतः याच कुलावर वाढते. शेजारचे गुजराती भाषक कण्हेरीला करेण, सदाफुलीला बारमासी आणि अळीला इयळ म्हणतात. बडोद्याच्या मराठी घरांत हे शब्दही सहज तोंडी येतात. पावसाळ्यात तगरीला कोवळी पालवी फुटली की तिच्यावर अळ्या हमखास सापडतात. ज्या घरात रोज पहाटे तगरीची फुले खुडली जातात, त्या घराने ही अळी बहुधा पाहिलेली असते. पण तिचा आणि संध्याकाळी दिव्याजवळ येऊन बसणाऱ्या हिरव्या पतंगाचा संबंध फार थोड्यांच्या ध्यानात येतो.

पंख पसरल्यावर पतंगाची रुंदी ९ ते १३ सेंमी. भरते. शरीर चातीसारखे, मध्ये जाड आणि शेपटीकडे निमुळते असते. पुढच्या पंखांवर गर्द शेवाळी, फिका हिरवा, गुलाबीसर पांढरा आणि जांभळट तपकिरी अशा छटांचे वळणदार पट्टे एकमेकांत मिसळलेले असतात; पंखाच्या बुडाशी एक लहानसा फिकट ठिपका असून त्यात गडद टिंब असते. मागचे पंख तपकिरी-करडे असतात आणि बसल्यावर पुढच्या पंखांखाली झाकले जातात. झाडाच्या खोडावर किंवा पानांत तो पंख मागे तिरपे ठेवून बाणाच्या टोकासारखा बसतो. अशा वेळी त्याचे पट्टे पानांमधून झिरपणाऱ्या उन्हासावलीत इतके बेमालूम मिसळतात की हाताच्या अंतरावरूनही तो दिसत नाही. भिंतीवर, ट्यूबलाइटखाली बसलेला असताना मात्र तेच रंग डोळे भरून पाहता येतात, आणि आपल्याकडच्या पतंगांत इतकी देखणी रंगसंगती क्वचितच आढळते.

मादी पानांवर फिकट हिरवी, गोल अंडी सुटी सुटी घालते. उष्ण हवेत काही दिवसांतच अळी बाहेर पडते. पहिल्या अवस्थेत ती पिवळसर असून शेपटाकडे शरीराच्या मानाने भलतेच लांब, दोऱ्याइतके बारीक काळे शिंग असते. चार वेळा कात टाकून ती पाचव्या अवस्थेत येते, तेव्हा सात-आठ सेंमी. लांब, बोटाएवढी जाड आणि पोपटी हिरवी झालेली असते. दोन्ही अंगांना पांढरी रेघ आणि तिच्या आसपास बारीक पांढरे ठिपके असतात. शिंग आता आखूड, पिवळसर आणि खाली झुकलेले दिसते. डोक्यामागच्या तिसऱ्या वलयावर दोन निळसर पांढरे, काळ्या कडेचे डोळे असतात. ते खरे डोळे नव्हेत. अळी शांत असते तेव्हा ते कातडीच्या घडीत दडलेले असतात. तिला धक्का लागला की ती डोके आत ओढून पुढचा भाग फुगवते आणि ते एकदम उघडे पडतात. चोच मारायला आलेला पक्षी समोर साप पाहिल्यासारखा दचकावा, अशी ही योजना मानली जाते.

अळी शोधायची असेल तर वर पाहण्याआधी खाली पाहावे. तगरीखालच्या फरशीवर मिऱ्याएवढ्या, उभ्या खाचा असलेल्या काळपट लेंड्या पडलेल्या दिसल्या की बरोबर वरच्या फांदीवर, देठाला धरून ती बसलेली असते. तिच्या अंगावर खाजरे केस नसतात आणि शिंगात विष किंवा नांगी नसते. शिंगाच्या धास्तीने पुष्कळ घरांत तिला चिरडले जाते, ते अगदी विनाकारण. एका झुडपावरच्या दोन-चार अळ्यांनी खाल्लेली पालवी पावसाळ्यात पाहता पाहता भरून येते.

कण्हेरीचे प्रत्येक अंग विषारी आहे. तिच्यातील ओलिअँड्रिन व तत्सम द्रव्ये प्राण्यांच्या पेशींतील सोडियम-पोटॅशियम पंप, म्हणजे हे दोन क्षार पेशीच्या आत-बाहेर करणारी यंत्रणा, बंद पाडतात; त्यामुळे हृदयाची लय बिघडते आणि गुरे व माणसे दगावू शकतात. हीच पाने ही अळी पोटभर खाते. अशाच विषारी वनस्पतींवर वाढणाऱ्या मोनार्क फुलपाखरात हा पंपच असा बदललेला असतो की विष त्याला नीट चिकटत नाही. कण्हेर पतंगात तो बदल झालेला नाही; त्याच्या मज्जारज्जूभोवतीचे आवरण विषाला आत शिरू देत नाही, असे प्रयोगांतून दिसून आले आहे. एकाच संकटावर दोन कीटकांनी काढलेले हे वेगवेगळे मार्ग या नोंदीतील सर्वांत लक्षणीय गोष्ट म्हणावी लागेल.

प्रौढ पतंगाला पाने लागत नाहीत. तो फुलांतील मधुरसावर जगतो. तिन्हीसांजेला उडण्यापूर्वी तो बसल्या जागी पंख वेगाने थरथरवतो. ते भीतीचे लक्षण नसून उडण्याचे स्नायू तापवण्याची ती रीत आहे. नंतर तो जाई, पेटुनिया, मधुमालती अशा फुलांपुढे हवेत जागच्या जागी तरंगत, गुंडाळलेली लांब सोंड उलगडून रस पितो. संध्याकाळी उमलताना पांढरी असणारी आणि पुढे गुलाबी, मग लाल होणारी मधुमालतीची लांब नळीची फुले तर जणू अशाच सोंडेसाठी घडलेली आहेत. बंगळूरच्या नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेस या संस्थेत याच पतंगाच्या उडण्यावर संशोधन झाले आहे. उडताना तो आपल्या शृंगिका, म्हणजे मिशा, ठरावीक कोनात धरून ठेवतो आणि त्यांच्या बुडाशी असलेले सूक्ष्म केस ही जागा सांभाळण्यास मदत करतात, असे त्या अभ्यासातून स्पष्ट झाले.

अळीची वाढ साधारण दोन-तीन आठवड्यांत पूर्ण होते. मग तिचा हिरवा रंग मळकट तपकिरी होतो, ती खाणे सोडते आणि झाडावरून उतरून पालापाचोळ्यात शिरते. वाळकी पाने विरळ धाग्यांनी एकत्र ओढून ती आत कोष करते. कोष फिकट तपकिरी असून त्याच्या मधून एक काळी रेघ जाते. अंगण रोज लख्ख झाडून पाचोळा जाळला जातो तेथे कोषही त्याबरोबर नाहीसे होतात. मुलांना हा सारा प्रवास दाखवायचा असल्यास रुंद तोंडाच्या बरणीत रोज ताजी तगरीची डहाळी द्यावी, तळाशी माती व सुकी पाने ठेवावीत, तोंडाला जाळीचे फडके बांधावे आणि एक खरखरीत काडी उभी करून ठेवावी. ही काडी विसरता कामा नये. साधारण दोन आठवड्यांनी कोषातून बाहेर पडणाऱ्या पतंगाचे पंख ओले आणि चुरगळलेले असतात. तो काडीवर चढून पंख खाली लोंबते सोडतो, शरीरातला द्रव त्यांच्या शिरांत भरतो आणि पंख सरळ होऊन वाळतात; चढायला आधार मिळाला नाही तर ते तसेच आखडून राहतात आणि त्याला कधीच उडता येत नाही.